धूर कीं धुकें?

सकाळीं वर्तमानपत्रांत एखाद्या मंत्र्यावर आळ आला, कीं सायंकाळीं आम्हां नागपूरकरांच्या ओट्यावर त्याचा निकालहि लागून जातो. धूर तेथें अग्नि, हें आमचें अनुमान. परंतु नैयायिक आधीं विचारतो, दिसतो तो धूरच कीं धुकें?

टिळक-आगरकरांस हा प्रश्न महाग पडला. कोल्हापूरच्या महाराजांच्या कळकळीनें त्यांनीं कारभारी माधवराव बर्वे यांजवर आरोप केले. आधाराचीं पत्रें बनावट ठरलीं. क्षमा मागूनहि १८८२ सालीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. पुढल्याच वर्षीं महाराज अहमदनगरास नजरकैदेंत वारले. चिंता अनाठायीं नव्हती. खोट्या पत्रांनीं तिचें बळ मात्र गेलें.

उलट १९८१ सालीं ‘इंडियन एक्सप्रेस’नें मुख्यमंत्री अंतुले यांजवर लिहिलें, तें सिमेंटचें वाटप व प्रतिष्ठानाच्या देणग्या यांचे कागद पुढें ठेवून. १९८२च्या जानेवारींत उच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्यांस पद सोडावें लागलें.

संपादकानें कागद पारखावा, आरोपिताचें म्हणणें त्याच अंकांत छापावें. तोंवर वाचकानें जीभ आवरावी. गेलेली अब्रू दुरुस्तीच्या दोन ओळींनीं परत येत नाहीं.