रक्त कमी, साखर जास्त?

मावल्यात आमच्या गल्लीत कोणाच्याही हाती रक्ताचा रिपोर्ट पडला की तो आधी माझ्या ओट्यावर येतो. तेलंगणातल्या आदिलाबादला लॅब टेक्निशियन म्हणून नोकरी केली, निवृत्तही झाले, पण रिपोर्ट काही मला सोडत नाहीत. डॉक्टर तेलुगू बोलणारे, कागद इंग्रजी आणि पेशंट मराठी, हे आमच्याकडे नेहमीचंच. पेनगंगा ओलांडली की महाराष्ट्र, पण दवाखान्यासाठी नदी कोण ओलांडतं?

कापूस वेचणीच्या हंगामात समोरच्या वहिनी आल्या. वय चाळिशीच्या आत, अंगाने काटकुळ्या. "ताई, मले शुगर झाली म्हणतेत." कागदावर हिमोग्लोबिन ८.४ आणि तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी ६.६. ही चाचणी ६.५ किंवा त्याहून वर गेली की मधुमेह धरतात. कोणीतरी त्यांना तेवढ्यावरून भात बंद करायला सांगितलं होतं. त्याच कागदाच्या खालच्या अंगाला उपाशीपोटीची साखर होती ९२ आणि जेवणानंतरची १२१. ती कोणी वाचलीच नव्हती.

एचबीएवनसी म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे त्याचं प्रमाण. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि जितकी जुनी होते तितकी साखर तिच्यावर चढत जाते. लोह कमी पडलं की नव्या पेशी हळू तयार होतात, रक्तात जुन्या पेशींचा भरणा होतो आणि आकडा खऱ्यापेक्षा वर दिसू शकतो. सिकलसेलच्या आजारात नेमकं उलटं घडतं. पेशी दहा-वीस दिवसांतच फुटतात, साखर चढायला वेळच मिळत नाही आणि खरा मधुमेहसुद्धा कागदावर झाकला जातो. आमच्या जिल्ह्यात गोंड, कोलाम वस्त्यांमध्ये आणि इतर समाजांतही सिकलसेल आहे, लोहाची कमतरता तर घरोघर. म्हणून ज्याचं रक्त कमी, त्याचा मधुमेह एकट्या एचबीएवनसीवर ठरवू नये. साध्या साखरेची तपासणी सोबत हवीच.

वहिनींना मी सगळे कागद घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे धाडलं. त्यांनी फेरिटिन तपासलं. शरीराच्या कोठारात लोह किती शिल्लक आहे ते या चाचणीत कळतं. पंधराच्या खाली गेलं की कोठार रिकामं समजायचं. वहिनींचं निघालं ७. हिमोग्लोबिन सगळेच विचारतात, फेरिटिनचं नाव फार थोड्यांना ठाऊक असतं.

मोठ्या माणसाच्या अंगात लोह असतं तीन-चार ग्रॅम, त्यातलं दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये. आतडं दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम आत घेतं, आणि जास्तीचं लोह बाहेर टाकायला शरीराकडे वेगळी वाटच नाही. त्यामुळे सगळा बंदोबस्त आत शिरण्याच्या दारावर. यकृतात तयार होणारं हेप्सिडिन हे संप्रेरक ते दार लावतं-उघडतं. बाईचं लोह दर महिन्याला पाळीत जातं, बाळंतपणात आणखी जातं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली शिफारस केली ती पुरुषाला दिवसाला १९ आणि स्त्रीला २९ मिलिग्रॅमची. पण ताटात पडलेलं लोह आणि रक्तात पोचलेलं लोह यांत मोठी तफावत. ज्वारी-डाळीतल्या फायटेटमुळे ते अडकतं, चहाने आणखी अडतं. वेचणीच्या बाया बांधावर भाकर खातात आणि लगेच थर्मासमधला चहा ओततात. भाकरीवर लिंबू पिळा, आवळा किंवा कैरी खा, चहा तासाभराने घ्या, एवढंच मी सांगते. पालकाचा फार गवगवा आहे, मला त्याचं कौतुक नाही. खाणाऱ्यांसाठी बकऱ्याची कलेजी कितीतरी सरस, तिच्यातलं लोह शरीर सहज उचलतं. पण कलेजी घरात आली की आधी कोणाच्या ताटात पडते, ते प्रत्येक घराने आपलं आपण बघावं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तेलंगणात १५ ते ४९ वयाच्या ५७.६ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या, महाराष्ट्रात ५४.२. म्हणजे नदीच्या दोन्ही काठांवर तीच गत. आणि २०२३ साली आयसीएमआरच्या अभ्यासाने देशात दहा कोटींवर मधुमेही असल्याचा अंदाज दिला. लोकांना वाटतं, एक आजार उपाशी माणसाचा आणि दुसरा खाऊन-पिऊन सुखी माणसाचा. ही समजूत पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी मोडीत काढली. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बाया आणि पुढे त्यांची मुलं यांचा माग ठेवला. बाळं जन्मली ती हलकी, सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर; पण स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने राखलेली. वरून बारीक, आतून चरबीदार. अशा शरीराला पुढे मधुमेह लवकर गाठतो. त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्या आयांच्या रक्तात बी१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन नीट काम करत नसल्याची चिन्हं जास्त होती. म्हणून रक्त कमी म्हटल्याबरोबर फक्त लोहाकडे धावू नये. बी१२ कमी असलं तर तांबड्या पेशी मोठ्या होतात, लोह कमी असलं तर लहान. सीबीसी या साध्या रक्ततपासणीत हे दिसतं, बघणारा हवा.

आता उलटी बाजू. आमच्याकडे हायवेला लागून घरं झाली, गाड्या आल्या, चालणं सुटलं. चाळिशी उलटलेले, पोट सुटलेले पुरुष "ताकद येते" म्हणून मेडिकलमधून लोहाचं टॉनिक घेऊन जातात. त्यांना लोह सहसा कमी नसतंच. १९८१ मध्ये जेरोम सलिव्हन या अमेरिकी डॉक्टरने एक तर्क मांडला, की पाळी असेपर्यंत बायांना हृदयविकार कमी होतो, त्याचं कारण त्यांच्यात साठलेलं लोह कमी असतं. तो तर्क आजही वादातच आहे. मात्र ज्यांचं फेरिटिन जास्त त्यांना टाइप २ मधुमेह जास्त आढळतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं. जास्तीचं लोह पेशींना गंजवतं, स्वादुपिंड आणि यकृताला त्रास देतं, ही एक बाजू. पण चरबी चढलेलं यकृत आणि शरीरातली सूज यांनीही फेरिटिन वाढतं. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, ते अजून नीट सुटलेलं नाही. थॅलेसेमिया किंवा सिकलसेलमध्ये वारंवार रक्त चढवावं लागतं, तिथे मात्र शंका नाही. बाहेरून आलेलं लोह हृदयात, यकृतात साचत जातं आणि ते बाहेर काढायला वेगळी औषधं द्यावी लागतात. १५ ऑगस्ट २०२१ ला रेशनच्या तांदळात लोह मिसळण्याची घोषणा झाली, तेव्हा आदिवासी भागांतून काळजीचा सूर निघाला तो याच रुग्णांसाठी.

जुन्या मधुमेह्याचं हिमोग्लोबिन उतरलं तर आधी मूत्रपिंड तपासावं. रक्त बनवायचा इशारा देणारं संप्रेरक तिथून निघतं. लोहाच्या गोळ्या खाऊन तो इशारा मिळत नाही.

वहिनींना लोह सुरू झालं, जंताची अल्बेंडाझोल दिली. अनवाणी शेतात फिरलं की हुकवर्म तळव्यातून शिरतो आणि आतड्यात बसून रक्त पितो. गोळीने शौच काळी झाली म्हणून त्यांनी मध्येच डबी बाजूला ठेवली होती. काळी होणारच, त्यात भ्यायचं नाही, हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. पोट दुखत होतं म्हणून डॉक्टरांनी एक दिवसाआड घ्यायला लावलं. एका गोळीनंतर हेप्सिडिन चढतं आणि दुसऱ्या दिवशी दार जरा मिटलेलंच असतं, त्यामुळे त्यात नुकसान फारसं नाही. काही महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.९, एचबीएवनसी ५.८. मधुमेह नाही, पण ५.७ पासून पुढे सावध राहायचं, म्हणून वर्षातून एकदा साखर तपासायची.

मध्यंतरी त्यांच्या मुलीची शाळेत सिकलसेलची तपासणी झाली. 'एएस' असा निकाल लिहिलेलं कार्ड आलं, आणि वहिनी परत ओट्यावर. मुलगी वाहक आहे, आजारी नाही, हे मी सांगितलं. शाळेतली आठवड्याची निळी लोहाची गोळी तिने घ्यायची का, हा त्यांचा पहिला प्रश्न. घ्यायची, नुसत्या वाहकपणाने लोह साचत नाही. दुसरा प्रश्न त्यांच्या सासूबाईंनी विचारला, सोयरिकीच्या वेळी हे कार्ड दाखवायचं की लपवायचं. मी म्हटलं, दाखवायचं, आणि मुलाचंही मागून घ्यायचं. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची. सासूबाई गप्प झाल्या, मग म्हणाल्या, आमचीपण तपासा.