घरावरचे कर्ज आणि महागाईचे दिवस

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती रूढ झाली त्या काळी घर ही आयुष्यभराच्या साठवणुकीची अखेर असे. आज घर ही कर्जफेडीची सुरुवात असते. किल्ली हाती पडते त्या दिवशीच माणूस वीस वर्षांसाठी बांधला जातो. म्हणून ज्या कर्जाखाली आपण राहतो त्याचा हिशेब आपल्याला कळला पाहिजे, असे आम्हांला वाटते.

पगारदार माणसाने स्वतःचे घर करावे, ही आकांक्षा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, ती याच आकांक्षेतून. परंतु दरमहा पगारातून फेडायचे दीर्घ मुदतीचे कर्ज सर्वसामान्यांच्या आवाक्यात यायला बराच काळ जावा लागला. हसमुखभाई पारेख यांच्या पुढाकाराने १९७७ साली एचडीएफसी ही संस्था निघाली आणि या व्यवहाराला वळण लागले. पुढे बँकाही या क्षेत्रात उतरल्या आणि हप्ता हा मध्यमवर्गीय प्रपंचातला रोजचा शब्द झाला.

हा हप्ता आतून कसा असतो ते प्रथम पाहू. समजा, एखाद्याने ३० लाख रुपये ७ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले. त्याचा मासिक हप्ता सुमारे २३,२६० रुपये येतो. पहिल्या महिन्यात त्यांतले १७,५०० रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फिटते ते अवघे ५,७६० रुपयांचे. मुद्दल कमी होईल तसे व्याज घटते, आणि हप्ता तोच असल्याने मुद्दलाचा वाटा वाढत जातो. तेव्हा कर्जाचे खरे ओझे पहिल्या काही वर्षांत असते. पाच वर्षे हप्ते भरूनही मुद्दल फारसे उतरलेले दिसत नाही म्हणून पुष्कळजण हबकतात. त्यात कोणी लबाडी केलेली नसते. गणितच तसे आहे.

आता महागाईकडे वळू. महागाईत कर्जदाराचा फायदा होतो, असे जुने अर्थशास्त्र सांगते, आणि त्यात तथ्य आहे. भाव दरसाल ६ टक्क्यांनी वाढले तर सुमारे बारा वर्षांत ते दुप्पट होतात. म्हणजे बारा वर्षांनंतरच्या २३,२६० रुपयांची किंमत आजच्या निम्म्याने उरते. पगार भावांबरोबर वाढत गेला तर तोच हप्ता हळूहळू हलका वाटू लागतो. आपल्या वडीलधाऱ्यांनी, "कर्ज काढून घर घेतले तेच बरे झाले," असे म्हटलेले आपण ऐकतो, त्यामागचे कारण हेच.

परंतु या न्यायाला एक अट आहे. व्याजाचा दर कायम असेल तरच तो लागू पडतो. आपल्याकडील गृहकर्जे बहुतांशी बदलत्या दराची असतात. २०१६ साली रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, दोन टक्के इकडेतिकडे, राखण्याचे लक्ष्य तिच्यापुढे ठेवण्यात आले. भाव चढले की ती आपला रेपो दर वाढवते. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे अशा बाहेरच्या दराशी जोडली गेली. याचा अर्थ असा की महागाई आता कर्जदाराच्या घरी दोन दारांनी येते : किराणाच्या दुकानातून एकदा आणि बँकेच्या पत्रातून दुसऱ्यांदा.

आमच्या परिचयाच्या एका शिक्षकांवर हा प्रसंग आला. वर दिलेले कर्ज त्यांचेच. ते त्यांनी एप्रिल २०२२ मध्ये घेतले, तेव्हा त्यांचे वय ३८ होते. ५८ व्या वर्षी निवृत्ती आणि त्याच वर्षी कर्जमुक्ती, असा त्यांचा हिशेब होता. त्याच महिन्यात महागाई पावणेआठ टक्क्यांवर गेली. मे २०२२ पासून रेपो दर चढू लागला आणि ४ टक्क्यांवरून फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा टक्क्यांवर आला. शिक्षकांच्या कर्जाचा दर साडेनऊ झाला. त्या वेळी बाकी होती सुमारे २९ लाख ७० हजार, आणि तिच्यावरचे महिन्याचे व्याजच साडेतेवीस हजार! हप्ता मात्र होता २३,२६०. म्हणजे हप्ता नेमाने भरूनही कर्ज फिटण्याऐवजी वाढले असते. "अहो, हे घर माझे की मी घराचा?" असे ते आम्हांला म्हणाले, तेव्हा हसावे की नाही ते आम्हांला कळेना.

पतिपत्नींनी वही काढली. मुदत निवृत्तीच्या पुढे जाऊ द्यायची नाही, असे त्यांनी ठरवले. हप्ता सुमारे २८,१०० रुपयांवर नेला आणि मोटार घेण्याचा बेत सोडला. २०२५ सालात रेपो दर एकंदर सव्वा टक्क्याने उतरला, तेव्हा बँकेने हप्ता कमी करण्याची तयारी दाखवली. त्यांनी तो मुद्दाम तेवढाच ठेवला. दर असाच राहिला तर निवृत्तीच्या आधी दोन वर्षांहून अधिक काळ ते मोकळे होतील.

यातून जो बोध निघतो तो सर्वांच्या उपयोगाचा आहे. दर वाढला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की दोन्ही थोडे थोडे करायचे, हे निवडण्याची संधी कर्जदाराला द्यावी, आणि कायम दराकडे वळण्याचाही पर्याय असावा, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये कर्ज देणाऱ्या संस्थांना बजावले. हप्ता की मुदत हे निवडण्याचा हक्क न विचारता पदरात पडत नाही. वर्षातून एकदा बाकी, दर आणि उरलेले हप्ते यांचा तक्ता मागून घ्यावा व तो वाचावा.

दुसरी गोष्ट मुदतीपूर्वीच्या भरण्याची. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर त्यासाठी दंड आकारता येत नाही. ३० लाखांच्या, ८ टक्के दराच्या, वीस वर्षांच्या कर्जात पहिल्या वर्षाच्या अखेरीस १ लाख जादा भरला, तर शेवटचे सुमारे १७ हप्ते, म्हणजे सव्वाचार लाखांहून अधिक रक्कम, वाचते. तोच लाख दोन वर्षे उरली असता भरला, तर वाचणारी रक्कम सव्वा लाखाच्या आतच राहते. जादा भरायचे ते आधी भरावे.

मात्र घरातली सगळी गंगाजळी कर्जात ओतू नये. बँकेत भरलेला पैसा दुखण्याखुपण्याला परत मिळत नाही. सहा महिन्यांचा खर्च आणि हप्ते भागतील एवढी रक्कम वेगळी असावी. मिळवत्या माणसाचा, निदान कर्जाएवढ्या रकमेचा, साधा मुदतीचा विमाही असावा. नाहीतर त्याच्यामागे घराबरोबर कर्जही वारसांकडे येते.

ठेवींविषयीही भ्रम नको. साडेसहा टक्के व्याजाच्या ठेवीवर वीस टक्के कर गेला की हाती ५.२ टक्के उरतात. महागाई ६ टक्के असेल तर आकडा वाढतो आणि खरेदीची शक्ती घटते. अडीअडचणीची रक्कम ठेवीत असावी ती सुरक्षिततेसाठी, वाढीसाठी नव्हे. फेब्रुवारी २०२० पासून ठेवींना एका बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. त्याहून मोठी रक्कम एकाच ठिकाणी ठेवताना हे ध्यानात असावे. आणि ठेवीवर कर जाऊन पाच टक्के मिळवायचे व कर्जावर आठ टक्के द्यायचे, हा व्यवहार राखीव रकमेपलीकडे परवडणारा नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. गृहकर्जाच्या बाबतीत एवढेच जोडावेसे वाटते की हे अंथरूण दर काही महिन्यांनी लहानमोठे होत असते. दर दोन-अडीच टक्क्यांनी चढला तर आपण हप्ता भरू शकू काय, हा प्रश्न कर्जाच्या कागदांवर सही करण्यापूर्वी स्वतःला विचारावा. उत्तर 'नाही' असे आले तर एक खोली कमी असलेले घर घ्यावे. त्या घरात झोप तरी शांत लागेल.