वीणेचा भार कुणी पेलायचा?
डहाणू-तलासरीकडे धान्यदेवी कणसरीची कथा गातात ती घांगळीच्या साथीने. बांबूची दांडी, खाली दोन भोपळे. हलकी, अंगाशी धरता येणारी. तशाच घडणीची रुद्रवीणा मात्र भारी. परंपरेने तिचा एक भोपळा डाव्या खांद्यावर. पनवेलजवळ पळस्पे येथे गुरुकुल उभारणारे रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) यांनी दांडी जाड, भोपळे मोठे करून घेतले आणि वीणा खांद्यावरून खाली घेतली. योग्यच केले! भार तोलणारा डावा हात तार ओढून घ्यायच्या मींडेला मोकळा कसा राहणार?

वीणेखालचा स्टँडही वादकाचा भार हलका करण्याचे हेच काम करतो. टेकू दांडीला द्यावा. भोपळा दाबला गेला तर नाद बसतो, वाळलेली साल तडकतेही. टेकूवर नमदा हवा, आणि उंची एवढीच की खांदे उचलावे लागू नयेत.