होडीतील वीज आणि धरणाचे पाणी

भाटघरचे धरण १९२८ साली पुरे झाले आणि भोर तालुक्यात एक मोठा जलाशय पसरला. शेजारच्या वेल्ह्यात, ज्यास आता राजगड तालुका म्हणतात, पानशेत व वरसगावचे जलाशय आहेत. अशा पाण्यावर शहरातली मंडळी हौसेने होडीत बसतात. होडी चालविणाऱ्याचे मात्र त्यावर पोट असते. यांत्रिक होडीच्या तळाशी साचलेले पाणी उपसण्यास जो लहानसा विजेचा पंप असतो, त्याच्या तारांविषयी आम्ही येथे बोलणार आहोत.

हा पंप बहुधा बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. 'बारा व्होल्ट माणसाला काय करणार?' असे लोक म्हणतात. धक्क्याने मरण्याचे भय त्यात जवळजवळ नाही, हे खरेच. परंतु पंपाला चार-पाच अँपियर पुरतात, आणि तीच बॅटरी दोन तारा एकमेकींना भिडताच शेकडो अँपियर सोडते. तार तापून लाल होते, तिचे आवरण पेटते, आणि हाताच्या अंतरावर पेट्रोलची टाकी असते. यासाठी फ्यूज. फ्यूज पंपाचे रक्षण करण्यास आहे असा समज आहे. तो मुख्यतः तारेच्या रक्षणास आहे. म्हणून तो बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात असावयास हवा. सोयीचे म्हणून तो पंपाजवळ बसविणे म्हणजे पहारेकरी दारात न ठेवता माजघरात ठेवण्यासारखे आहे. मधली सगळी तार उघडी पडली.

तारेच्या जाडीतही कंजुषी होते. बॅटरीपासून पंप पाच मीटर दूर असेल तर वीज जाऊन-येऊन दहा मीटर चालते. पाऊण चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत चार अँपियरला सुमारे एक व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेत सुमारे पाव व्होल्ट. घरच्या २३० व्होल्टमध्ये एक व्होल्ट गेला तर कोणास कळतही नाही. बारामधला एक गेला की पंपाचा जोर उतरतो, आणि तो नेमका पावसाच्या रात्री.

तार बहुपदरी आणि कलई केलेली असावी. जोड पाण्याच्या पातळीच्या वर घ्यावा, थिंबल दाबून बसवावे. पिळून टेप गुंडाळलेला जोड ओलीत हिरवा पडून कुजतो. पाणी चढताच पंप आपोआप सुरू करणारा फ्लोटचा खटका मुख्य खटक्याच्या अलीकडून, पण स्वतःच्या फ्यूजमधून, थेट बॅटरीला जोडावा. नाहीतर मालक मुख्य खटका बंद करून घरी जातो आणि होडी धक्क्यालाच बुडते. पंपाच्या नळीचे बाहेरचे तोंड पाण्याच्या रेषेच्या वर हवे, हेही ओघाने सांगतो.

खरे मरण किनाऱ्यावरच्या २३० व्होल्टमध्ये आहे. बॅटरी भरण्यासाठी धक्क्यावरून तार ओढली की ते होडीत येते. धरणाचे पाणी गोडे. माणसाच्या अंगात क्षार असल्याने अंग त्या पाण्यापेक्षा वीज चांगली वाहते. गळकी वीज पोहणाऱ्याच्या अंगातून जाते, स्नायू आखडतात, तो बुडतो, आणि वाचवायला उडी घेणाराही बुडतो. २०२२ च्या ऑक्टोबरात भोर तालुक्यातील निगडे येथे नदीत विजेचा पंप बसविताना चार माणसे विजेच्या धक्क्याने गेली. तो पंप शेतीचा होता, होडीचा नव्हे. पाणी आणि वीज मात्र तीच. किनाऱ्यावरच्या जोडणीला ३० मिलिअँपियरच्या गळतीवर तुटणारा ब्रेकर आणि नीट अर्थिंग पाहिजे. पाण्यात कोणी आखडलेला दिसला तर आधी वीज तोडावी, मग पाण्यात उतरावे.

कामगारांत वावरताना आम्ही एक पाहिले आहे. अपघातानंतर चौकशीच्या कागदावर बहुधा 'हलगर्जीपणा' लिहिला जातो, आणि तो मेलेल्याचा असतो. ब्रेकर कोणी घेतला नाही, हे त्या कागदावर क्वचितच येते. तो घेण्याचे काम मालकाचे. होडीवाल्याच्या मजुरीतून ते होणार नाही.

होडीवाल्याच्या हातातले काम निराळे आहे. रोज सकाळी उतारू चढण्यापूर्वी हाताने फ्लोट उचलावा. पंप घरघरला तर ठीक. नाही घरघरला, तर उतारूंना थांबवून आधी फ्यूज पाहावा, मग जोड, मग बॅटरी.