गाडीची कमान आणि आधाराचा दांडा

मी कलाशाखेचा पदवीधर. यंत्रविद्या हा काही माझा प्रांत नव्हे. तथापि उज्जैनमधील एका गॅरेजात जुन्या अ‍ॅम्बॅसडरखाली वाकून पाहताना जे उमगले, ते तुम्हांस सांगावेसे वाटते.

२०१४ पर्यंत तयार होणाऱ्या या गाडीचा मागचा आस पोलादी पाट्यांच्या दोन कमानींवर बसविलेला असतो. इंजिन चाकांना पुढे फिरविते, तेव्हा आसाचे आवरण उलट दिशेस वळू पाहते. जोर फार झाला तर कमानीचा पुढचा भाग पिळतो, सुटतो, पुन्हा पिळतो. चाके थडथड उडतात व रस्त्यावरील पकड जाते. मूळ इंजिन सौम्य असल्यामुळे साध्या गाडीस हा त्रास सहसा होत नाही. जबर इंजिन बसविल्यास होतो.

यावर उपाय म्हणजे ट्रॅक्शन बार. आसाखाली पक्का बसविलेला हा दांडा पुढे कमानीच्या डोळ्याखाली पोचतो. त्याच्या टोकाशी रबरी ठोकळा असतो. आस वळू लागताच टोक वर उचलले जाऊन कमानीस टेकते आणि पीळ थांबतो.

सारे मर्म ठोकळा व कमान यांमधील फटीत आहे. रस्त्यासाठी ती सुमारे १२ ते २५ मिलिमीटर ठेवावी. कारण माणसे बसली किंवा खड्डा आला की कमान सपाट होते आणि फट घटते. धावपट्टी गुळगुळीत असते. तेथे फट कमी चालते. जोराने निघताना उजवे चाक हलके होते, म्हणून त्या बाजूची फट आणखी कमी ठेवतात. मोजमाप मात्र गाडी सपाट जमिनीवर, नेहमीच्या वजनासह उभी असतानाच घ्यावे. जॅकवर कमान अधिक वाकते व फट फसवी मोठी दिसते.

आपल्याजवळ पीथमपूर येथे २०२१ मध्ये ११.३ किलोमीटरची वेगवान चाचणी-धावपट्टी खुली झाली. अशा धावपट्टीस साजणारी मांडणी उज्जैनच्या खडबडीत गल्लीत तशीच ठेवली, तर ठोकळा अवेळी टेकून कमान ताठरते. पावसाळी वळणावर गाडीची मागची बाजू घसरू शकते. म्हणून परतण्यापूर्वी फट पूर्ववत करावी. ती रिकामी जागा म्हणजे उणीव नव्हे. कमानीला लवण्यासाठी राखलेली ती सवड होय.