भूतकाळी रूपांतील स्वरांची चढाओढ : इंग्रजी व मराठी

मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी ‘ब्रिंग’चे भूतकाळी रूप ‘ब्रँग’ लिहितो, तेव्हा तो ‘सिंग–सँग’ हा साचाच चालवीत असतो. हा नियमाचा अभाव नव्हे, अतिविस्तार होय. तेथे नुसती लाल रेघ ओढून भागत नाही. प्राचीन इंग्रजीत अशा धातूंचा भूतकाळी स्वर एकवचनात निराळा व अनेकवचनात निराळा असे. पुढे हा वचनभेद लोपला आणि दोन्ही स्वरांत चढाओढ लागली. ‘श्रिंक’ची ‘श्रँक’ व ‘श्रंक’ ही दोन्ही रूपे आजही आढळतात.

मराठीला हे परके नाही. ‘बसला’ या रूपात ‘ल’पूर्वी स्वरागम नाही, ‘मिळाला’मध्ये ‘आ’ येतो, ‘मागितला’मध्ये ‘इत’. प्रमाण ‘बघितले’शेजारी बोलीत ‘बघलं’ नांदते. ‘केला’, ‘मेला’, ‘गेला’ ही रूपे मात्र कृत, मृत, गत या संस्कृत कृदन्तांपासून आलेली आहेत. ‘म्हणणे’ या एकाच धातूची तर ‘तो म्हणाला’ व ‘त्याने म्हटले’ अशी दोन रूपे टिकली. रूपाबरोबर कर्त्याची विभक्तीही बदलते.