सुट्टीत एका घराला दोन पुस्तकं

एप्रिलअखेर निकालपत्रक हातात पडलं की पालकांचा ठरलेला प्रश्न येतो, ‘बाई, सुट्टीत याला काय वाचायला द्यावं?’ निवृत्तीनंतरही तो मला भाजीबाजारात, बँकेच्या रांगेत गाठतोच. पुस्तकांची नावं मी सांगते, पण आधी उलट विचारते, ‘आणि तुम्ही काय वाचणार आहात?’ यावर बहुतेक जण हसून विषय बदलतात. वाळवणांतून सवड कुठे, ऑफिसला कुठली सुट्टी, ही उत्तरंही ठरलेली.

मुलाने पुस्तक वाचलं, मिटलं आणि त्याबद्दल बोलायला घरात कुणी नसलं, तर दुसरं पुस्तक उघडायचं कारण त्याला उरत नाही. क्रिकेटचा सामना तो बघतो, कारण दुसऱ्या दिवशी त्यावर भांडायला मित्र असतात. पुस्तकालाही असं कुणीतरी लागतं. म्हणून माझी यादी जोड्यांची असते. एक पुस्तक मुलांचं, एक मोठ्यांचं, आणि दोन्हींत एक समान धागा. म्हणजे रात्री ताटावर बसल्यावर दोघांकडेही सांगण्यासारखं काहीतरी असतं. एवढंच पथ्य पाळायचं, की ‘यातून काय बोध घेतलास?’ असं विचारायचं नाही. ते काम शाळा वर्षभर करतेच.

दोन मुलगे

शाळेच्या ग्रंथालयातलं कपाट उघडलं की कुठलं पुस्तक मुलं वाचतात, हे रजिस्टर न बघता कळतं. बक्षीस म्हणून आलेली चरित्रं करकरीत असतात. भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’ची मात्र शिवण सुटलेली, कोपरे मऊ पडलेले, शेवटची दोन पानं खळीने चिकटवलेली, आणि मागच्या खिशातल्या कार्डावर तारखेचा नवा शिक्का मारायला जागा नाही. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्यात शिकायला येतो आणि सायकलवरून थेट भानगडीत शिरतो. या मालिकेची वीस पुस्तकं आहेत. कुठूनही सुरुवात केली तरी चालते. गड-किल्ल्यांची आवड असलेल्या मुलाला ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ आधी द्यावं. तिसरी-चौथीपासून सातवीपर्यंतचं वय त्याला उत्तम.

मुलाच्या हातात बनेश असताना आई-बाबांनी प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ घ्यावं. १९९४ साली आलेल्या या पुस्तकातला लंपन आई-वडिलांपासून दूर, सीमाभागातल्या एका गावात आजी-आजोबांकडे राहतो. त्याची बोली कानडीच्या शेजाराने वळलेली आहे. बनेश बाहेर धावतो, लंपन आत. त्याच्या जगात मोठी घटना क्वचितच घडते. पण एखाद्या दुपारी मुलाच्या मनात किती काय चाललेलं असतं, हे संतांइतकं बारकाईने मराठीत फार कमी जणांनी लिहिलंय. संत कराडला भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक होते. ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ ही लंपनची पुढची पुस्तकं. ‘वनवास’ वाचलेले पालक आपल्या गप्प बसलेल्या मुलाला ‘काय झालं, काय झालं’ म्हणून भंडावत नाहीत. तो बहुधा लंपनसारखाच कुठेतरी हरवलेला असतो, हे त्यांना कळलेलं असतं.

दोन शाळा

ही जोडी माझ्या पेशाची, म्हणून जरा अधिक आवडती. मुलांसाठी तेत्सुको कुरोयानागींचं ‘तोत्तोचान’, चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या मराठी अनुवादात. मूळ जपानी पुस्तक १९८१चं. डेस्कचं झाकण सारखं उघडझाप करते, खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्र्यांना हाका मारते, म्हणून पहिलीतच शाळेतून काढलेली ही मुलगी तोमोई नावाच्या शाळेत येते. तिथले वर्ग रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरतात. मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच भेटीत तिचं बोलणं चार तास ऐकून घेतात. डब्यात काहीतरी समुद्राकडचं आणि काहीतरी डोंगराकडचं हवं, हा त्यांचा नियम. पाचवीतलं मूल हे सहज वाचतं. शेवटी १९४५च्या बॉम्बहल्ल्यात शाळा जळते आणि ज्वाळांकडे पाहत कोबायाशी पुढची शाळा कशी असावी याचा विचार करतात. या जागी मुलं थबकतात. शाळा जाळणारी माणसं कोण होती, असं विचारतात. युद्धाबद्दल बोलायला घरात यापेक्षा चांगली संधी मिळत नाही.

मोठ्यांसाठी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, १९५५ची. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर येतो. शाळा आहे, पण मुलं मेंढरांमागे रानात. वाडीचा म्हातारा कारभारी त्याचा हात धरतो, हळूहळू मुलं येऊ लागतात, आणि मास्तर नुसता शिकवणारा न राहता अर्ज लिहिणारा, तंटे ऐकणारा, पैसे जपणारा होऊन बसतो. वाडी अंगमेहनतीने तालीम बांधते. मग पाऊस दडी मारतो आणि बांधलेलं सगळं तिथेच सोडून माणसं जगायला बाहेर पडतात. माडगूळकरांचं वाक्य आखूड असतं. एक शब्द काढायला गेलात तर सापडणार नाही. उन्हाळ्यात, टँकरच्या बातम्या येत असताना, हे पुस्तक वाचावं. पानं थोडी आहेत, दोन दुपारींत संपतं.

दोन आया

‘श्यामची आई’ घरोघरी असते आणि घरोघरी अर्धवट राहिलेली असते. कारण आपण ती आठ वर्षांच्या मुलाच्या हातात ठेवतो आणि ‘वाच, चांगली आहे’ म्हणून निघून जातो. साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात ती अवघ्या पाच दिवसांत लिहून काढली. पुस्तक निघालं १९३५ साली. तिची रचनाच सांगण्याची आहे. श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो. अशा ४२ रात्री आहेत, आणि आपल्या शाळांची मे महिन्याची सुट्टीही साधारण तेवढीच. तेव्हा एक रात्र, एक गोष्ट, घरातल्या कुणीतरी मोठ्याने वाचायची. नातवंडं परदेशात असतील तर आजीने व्हिडिओ कॉलवर वाचायची. आजच्या मुलांना काही जागा फार भावुक वाटतात, काही ठिकाणी त्यांना श्यामच्या आईचं पटतही नाही. पटलंच पाहिजे असं नाही. वाद घालू द्यावा.

तिच्या जोडीला घरातल्या मोठ्यांनी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ काढावीत. १९३४पासून ती भागाभागाने प्रसिद्ध झाली. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईने लिहिलेलं गद्य आजही ताजं वाटतं. वडिलांच्या सोवळ्याने जेरीस आलेलं घर, कवी असलेला आणि घरात कधी काय करील याचा नेम नसलेला नवरा, १८९५ साली त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूट, हे सगळं त्या सांगतात; आणि जिथे दुसरं कुणी रडलं असतं तिथे त्या स्वतःवरच हसतात. श्यामची आई मुलाच्या आठवणीतून दिसते. लक्ष्मीबाई स्वतःच्या तोंडाने बोलतात. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली की त्या काळातल्या बाईचं आयुष्य दोन्ही बाजूंनी दिसतं. नववी-दहावीच्या मुलीने ‘स्मृतिचित्रे’ मागितली तर आनंदाने द्यावी.

आकाश आणि झाडं

विज्ञानाच्या मुलांना गोष्टींत रस नसतो, हा पालकांचा एक लाडका गैरसमज. अशा मुलाला जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह द्यावा. १९७९चं हे पुस्तक आठवीच्या पुढे झेपतं. मोठ्यांनी त्यांचंच आत्मचरित्र घ्यावं, ‘चार नगरांतले माझे विश्व’. वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरं. या पुस्तकाला २०१४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकच लेखक, एकाच वेळी दोघांच्या हातात; मुलगा कल्पना वाचतोय आणि बाबा ती कल्पना करणाऱ्या माणसाचं आयुष्य.

झाडा-पाखरांकडे ओढा असेल तर मोठ्यांना दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’. ते चैत्रापासून सुरू होतं आणि एकेका महिन्याला एकेक लेख देतं. सुट्टीत चैत्र, वैशाख, ज्येष्ठ एवढेच वाचले तरी पुरे. बाकीचे त्या-त्या महिन्यात. सकाळी लेख वाचावा आणि संध्याकाळी मुलाला घेऊन बाहेर पडावं. आपल्या गल्लीत बहावा आहे का, तो फुललाय का, पिंपळाची नवी पालवी अजून तांबूस आहे की हिरवी झाली, हे मुलाने शोधायचं. मुलाच्या हातात डॉ. अनिल अवचटांचं ‘सृष्टीत गोष्टीत’ द्यावं. तो जरा मोठा असेल तर माडगूळकरांचं ‘नागझिरा’, जंगलात मुक्काम टाकून केलेल्या निरीक्षणांचं पुस्तक.

अडखळणाऱ्यांसाठी

आता घराघरातला खरा प्रश्न. मूल इंग्रजी शाळेत जातं, मराठी फाडफाड बोलतं, पण देवनागरी वाचताना जोडाक्षरापाशी अडतं. अशा सहावीतल्या मुलाला कादंबरी देणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला नदीत ढकलणं. त्याच्यासाठी कविता आणि चित्रं. विंदा करंदीकरांच्या ‘राणीची बाग’ किंवा ‘एटू लोकांचा देश’मधल्या कविता मोठ्याने वाचल्या की यमक पुढचा शब्द आपोआप हातात देतं. माधुरी पुरंदरे शब्द आणि चित्र दोन्ही स्वतः करतात. ‘बाबांच्या मिश्या’ किंवा ‘राधाचं घर’ मांडीवर बसवून वाचावं. थोड्या मोठ्या मुलांसाठी त्यांचं ‘वाचू आनंदे’ आहे: बालगट आणि कुमारगटासाठी मिळून चार भाग, मराठीतले निवडक उतारे आणि शेजारी भारतीय चित्रकारांची चित्रं. कुठलंही पान उघडावं, एक उतारा वाचावा, मिटावं. रोजच्या वर्तमानपत्रातून घरोघरी पोचलेला ‘चिंटू’ही चालेल. हास्यचित्रांची पट्टी वाचणं हेही वाचनच आहे.

मोठ्याने वाचताना एक परिच्छेद तुम्ही, एक त्याने. अडला की लगेच दुरुस्त करू नका. चुकलेल्या शब्दाने अर्थाचा घोटाळा झाला की तो स्वतःच मागे येतो. आणि गोष्ट ऐन रंगात आली की पुस्तक बंद करून स्वयंपाकघरात निघून जावं. पुढचं पान बहुतेक वेळा तो स्वतःच उघडतो.

पुस्तकं आणायची कुठून

सगळी विकत घ्यायची गरज नाही. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आपल्याकडे १९६७ साली झाला आणि सरकारी अनुदानावर चालणारी वाचनालयं तालुक्या-गावांपर्यंत पोचली. त्याच्याही कितीतरी आधीची परंपरा आहे. रत्नागिरीचं वाचनालय १८२८चं, नाशिकचं १८४०चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८चं. थोडी अनामत आणि मासिक वर्गणी भरली की काम होतं. बालविभाग असेल तर मुलाच्या नावाचं वेगळं खातं काढावं. स्वतःच्या नावाच्या कार्डावर स्वतः निवडलेलं पुस्तक घेताना सहा वर्षांचं मूलही गंभीर होतं.

बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. पालकांनी स्वतःच्या लहानपणचा अंक शोधून काढावा. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या आहेत, नव्याने अक्षर लावणाऱ्यांना त्या सोयीच्या पडतात. महाबळेश्वर-पाचगणीला जाणार असाल तर वाटेत भिलार आहे. स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव मे २०१७पासून पुस्तकांचं गाव झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून सुचलेली ही कल्पना. इथे लोकांच्या राहत्या घरांत पुस्तकं मांडली आहेत आणि कुणाच्याही ओसरीवर बसून ती वाचता येतात. अर्धा दिवस तरी राखून ठेवावा.

आता राहिला मोजमापाचा मोह. सुट्टीत किती पुस्तकं झाली, याचा तक्ता भिंतीवर लावणारे पालक मी पाहिले आहेत. मुलं मग पातळ पुस्तकं निवडतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. माझ्या मते एका घराला एका सुट्टीत एक जोडी पुरे. दुसरी झाली तर बोनस. वाचनालयात गेल्यावर तुमच्या पसंतीचं एक पुस्तक घ्या आणि एक मुलाला निवडू द्या. त्याने भुताचं उचललं, पाच वेळा वाचलेलंच पुन्हा उचललं, तरी नाक मुरडू नका. चाळीस पानांनंतर एखादं पुस्तक आवडेनासं झालं, तर ते त्याने सोडावं आणि तुम्हीही सोडावं. ‘का सोडलंस?’ एवढं मात्र एकमेकांना जरूर विचारा. न आवडलेल्या पुस्तकावर मुलं जितकं मोकळेपणी बोलतात, तितकं आवडलेल्यावर बोलत नाहीत.